‘हात लावू नये’ हे कलम मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापन, मनुष्यबळ विभाग आणि सुरक्षा समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

सोमवारी सूचनाफलकावर लागलेलं परिपत्रक वाचून हे पत्र लिहीत आहे. त्यात तीनच कलमं आहेत. कामाच्या जागी कुणी अचानक आजारी पडलं तर इतरांनी त्या व्यक्तीला हात लावू नये, सिक्युरिटीला कळवून बाजूला व्हावं. रुग्णवाहिका फक्त ॲडमिन विभाग बोलावेल. आणि प्रत्येकाने आपल्या आजारांची लेखी माहिती महिनाअखेरपर्यंत खातेप्रमुखाकडे द्यावी.

हे परिपत्रक कशामुळे निघालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाच आठवड्यांपूर्वी मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचे एक सहकारी कोसळले आणि गेले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, तो अधिकार त्यांच्या घरच्यांचा आहे. अकरा वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं.

त्यानंतर मी तुम्हाला दोन ईमेल पाठवले. दोन्हींना ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर आलं आणि मग हे परिपत्रक आलं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. दुसरीकडे काम करणाऱ्यांनीही हे वाचावं आणि आपल्या मजल्यावरची प्रथमोपचार पेटी एकदा उघडून पाहावी. उघडली तर.

त्या दुपारी काय झालं ते आधी नीट सांगते, कारण तुमच्या अहवालात ‘रुग्णवाहिका तातडीने बोलावण्यात आली’ असं एक वाक्य आहे आणि ते खरं नाही.

कॅमेऱ्याच्या नोंदीप्रमाणे ते ३ वाजून ४२ मिनिटांनी खाली पडले. आम्ही सगळे धावलो. कुणी पाणी शिंपडलं, कुणी फाइलने वारा घातला, कुणी शर्टाची बटणं सोडली. त्यांच्या घशातून मधूनमधून घरघर येत होती, तोंड उघडमीट होत होतं. ‘श्वास चालू आहे, घाबरू नका,’ असं एक जण म्हणाला आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं. तो श्वास नव्हता. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं शरीर असे आचके देतं आणि पाहणाऱ्याला वाटतं की माणूस श्वास घेतो आहे. हाक मारून, खांदे हलवून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर हृदय बंद पडलं आहे असं धरून लगेच छाती दाबायला लागायचं, एवढं एक वाक्य आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते मला नंतर कळलं, घरी बसून वाचताना, रात्री दोन वाजता.

फोन लागला ३ वाजून ४६ मिनिटांनी. पहिली चार मिनिटं प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी केला असेल. रुग्णवाहिका ३ वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे अकरा मिनिटांत, आपल्या फाटकापाशी आली. तिथे गाडीची नोंद आणि आत सोडण्याची परवानगी यात वेळ गेला. मग ती पुढच्या इमारतीच्या स्वागतकक्षापाशी जाऊन थांबली, कारण फोन करणाऱ्याने कंपनीचं नाव सांगितलं होतं, इमारत नाही. मागच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसेना. डॉक्टरांच्या मदतनीसाचा हात आमच्या सहकाऱ्याच्या छातीवर पडला तेव्हा ४ वाजून ५ मिनिटं झाली होती.

एकूण तेवीस मिनिटं. त्यातली अकरा रस्त्यावरची. उरलेली बारा आपल्या कुंपणाच्या आतली: चार फोन करण्याआधीची आणि आठ फाटकापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतची. आणि त्या सबंध तेवीस मिनिटांत त्यांच्याभोवती उभे असलेले आम्ही वीसेक लोक, धडधाकट, दोन-दोन हातांचे.

ते नक्की वाचले असते असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण जे माहीत आहे ते असं आहे. हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळणं बंद होतं आणि साधारण चार मिनिटांनंतर मेंदूला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही आणि हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारा विजेचा झटकाही मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. तेवीस मिनिटांचा हिशेब तुम्हीच करा.

आता परिपत्रकाकडे येते.

पहिलं कलम, ‘हात लावू नये’. याच्यामागे कायद्याची भीती आहे, हे मला समजतं. उद्या कुणी म्हणालं की तुमच्या माणसाने बरगडी मोडली, तर? बरगडी मोडू शकते, हे खरं आहे. नीट छाती दाबताना ती मोडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. पण ज्याची छाती दाबायची वेळ येते त्याचं हृदय त्या क्षणी बंद असतं. त्याला आणखी काय इजा करणार? मोडलेली बरगडी पुढे जुळून येते.

छाती दाबण्याची ही पद्धत आली कुठून, हे सुरक्षा समितीने जरूर वाचावं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या वीज कंपन्यांचे तारांवर काम करणारे लाइनमन झटका लागून मरत होते, म्हणून त्या कंपन्यांनी विजेच्या झटक्यावरच्या संशोधनाला पैसे दिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं ते विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. त्यांच्याकडचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या प्रयोगाच्या वेळी लक्षात आलं की झटका देण्याची उपकरणं कुत्र्याच्या छातीवर जोराने दाबली की रक्तदाब थोडा वर जातो. जेम्स ज्यूड हे सर्जन त्यांच्यासोबत आले आणि १९६० साली तिघांनी मिळून हे प्रसिद्ध केलं. छाती फाडून हृदय हातात घेण्याची गरज उरली नाही, दोन हात पुरेसे झाले. म्हणजे कामाच्या जागी माणसं मरत होती म्हणून मालकांनी पैसे घातले आणि त्यातून ही पद्धत निघाली. आणि आज आपल्या कामाच्या जागी ती वापरायला लेखी मनाई आहे. हे मला गप्प बसून मान्य होणार नाही.

ती शिकायलाही फार वेळ लागत नाही. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, ६ पेक्षा जास्त नको. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून आलटून पालटून करायचं. पाच सेंटीमीटर म्हणजे किती, हे मात्र वाचून कळत नाही. पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय तो जोर कळत नाही, आणि एकदा शिकलेलं काही महिन्यांत हातातून निसटायला लागतं.

‘सिक्युरिटीला कळवावं’ हेही त्याच कलमात आहे. चांगलं आहे, पण आपल्या सुरक्षारक्षकांना तुम्ही काय शिकवलं आहे? मी त्यांच्यापैकी चौघांशी बोलले. त्यांना आग विझवण्याचं नळकांडं चालवता येतं, गेटपास तपासता येतो. माणूस पडला तर काय करायचं, असं विचारल्यावर ‘ॲडमिनला कळवतो’ असं उत्तर आलं. म्हणजे आम्ही त्यांना कळवायचं, त्यांनी ॲडमिनला, ॲडमिनने रुग्णवाहिकेला. त्या दुपारी फोनला चार मिनिटं लागली, या साखळीने किती लागतील?

रक्षकांवर हे काम सोपवायचंच असेल तर ते कसं करतात याचा दाखला आहे. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र वापरायला शिकवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या हृदयाचे ठोके झटक्याने ताळ्यावर येऊ शकत होते असे १०५ जण त्यात होते आणि त्यांतले ५३ टक्के बरे होऊन रुग्णालयातून बाहेर पडले. कोसळताना कुणीतरी पाहिलं आणि ३ मिनिटांच्या आत पहिला झटका मिळाला, अशांपैकी ७४ टक्के वाचले. ३ मिनिटांनंतर मिळाला त्यांच्यात हे प्रमाण ४९ टक्के होतं. तेही रक्षकच होते, गणवेश घालून दारापाशी उभे राहणारे. त्यांना शिकवलं होतं आणि यंत्र हाताशी होतं, एवढाच फरक.

यंत्राची भीती वाटते असं आपल्या समितीतले एक सदस्य मला म्हणाले. चुकीच्या माणसाला झटका बसला तर? तसं होऊ नये म्हणूनच ते यंत्र बनवलेलं आहे. उघडलं की ते बोलून सांगतं, चित्रात दाखवल्याप्रमाणे दोन चिकटपट्ट्या उघड्या आणि कोरड्या छातीवर लावायच्या. मग ते स्वतः ठोके तपासतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. शिकागोच्या विमानतळांवर अशी यंत्रं भराभर चालत ६० ते ९० सेकंदांत पोचता येईल अशा अंतरांवर लावली. दोन वर्षांत झटक्याची गरज असलेले १८ जण तिथे कोसळले आणि त्यांतल्या ११ जणांना शुद्धीवर आणता आलं. त्या ११ पैकी ६ जणांना मदत करणाऱ्यांनी हे यंत्र आधी कधी वापरलेलं नव्हतं. त्यांत तिघे डॉक्टर होते, तिघे नव्हते.

दुसरं कलम, रुग्णवाहिका फक्त ॲडमिन बोलावेल. यावर फार लिहीत नाही. ॲडमिन विभाग संध्याकाळी सहाला बंद होतो. भांडारात रात्री दहापर्यंत माणसं असतात, पॅकिंगची तिसरी शिफ्ट रात्रभर चालते. हे कलम लिहिणाऱ्यांना त्या शिफ्टची आठवण राहिली नाही.

तिसरं कलम मला वैयक्तिक लागतं. मी इन्सुलिन घेते. हे इथे उघडपणे लिहायचं मी ठरवलं, कारण लपवून ठेवणं किती धोक्याचं आहे ते मला कळतं, आणि लोक का लपवतात तेही कळतं. आपल्याकडे एकाला आकडी येते. त्याने कुणालाही सांगितलेलं नाही, मला सांगितलं. खातेप्रमुखाला कळलं तर मशिनवरून काढतील, पुढच्या वर्षी करार वाढवणार नाहीत, ही त्याची भीती आहे. तुमच्या फॉर्मवर तो ‘काही नाही’ असंच लिहिणार. त्यातून तुम्हाला काय माहिती मिळणार? ज्याच्या हातात वार्षिक मूल्यमापन आहे त्याच्याच हातात आजाराचा कागद देऊ नका.

आणि समजा सगळ्यांनी खरं लिहिलं, तरी तो कागद खातेप्रमुखाच्या कपाटात. माझी साखर अचानक उतरली, मी घामाघूम झाले, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं, तर शेजारी बसलेल्या मुलीला काय करायचं ते माहीत हवं. शुद्धीवर असेन, गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि फोन करायचा. आकडी आलेल्याला धरून दाबून ठेवायचं नाही, दातांत चमचा घालायचा नाही, आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवायची, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांच्या वर चाललं तर रुग्णवाहिका. हे करायला त्याचं नाव कुठल्याही फॉर्मवर असायची गरज नाही.

अर्धांगवायूचंही तसंच. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात वर राहत नाही, जीभ जड झाली, यातलं काहीही दिसलं तर ‘थोडं पडून राहा, बरं वाटेल’ म्हणायचं नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध ठराविक वेळेतच देता येतं, साधारणपणे साडेचार तासांच्या आत. म्हणून लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवायची. दोन वर्षांपूर्वी आपल्याच हिशेब विभागातल्या एका ताईंना ‘ॲसिडिटी आणि ताण’ म्हणून विश्रांतीच्या खोलीत दोन तास झोपवलं होतं. त्या आता डाव्या हाताने काम करतात.

परिपत्रकात जे नाहीच, तेही सांगायला हवं. प्रथमोपचार पेटी. मागच्या इमारतीतली पेटी कुलपात असते आणि किल्ली ॲडमिनच्या एका माणसाकडे. त्या दुपारी तो रजेवर होता. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तेव्हा मी तिथे होते: कापसाची गुंडाळी, मुदत संपलेलं मलम, डोकेदुखीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट आणि गंजलेली कात्री. कापणीच्या मशिनपासून ही पेटी चाळीस पावलांवर आहे. तिथे कुणाचा हात कापला तर रक्त दाबून धरायला जाड ड्रेसिंग नाही, टूर्निके, म्हणजे हात-पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा नाही, हातमोजे नाहीत. जोराने वाहणारं रक्त काही मिनिटांत जीव घेऊ शकतं.

पैशांचा मुद्दा निघेल, म्हणून एक सांगते. प्रथमोपचाराची व्यवस्था हा काही कर्मचाऱ्यांचा लाड नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात आणीबाणी आणि अपघातांसाठीची तयारी, पुरेशा प्रथमोपचारासह, ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. २०२२ मध्ये सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा तिथे कामगारांच्या मूलभूत हक्कांमध्ये धरला गेला.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. ‘हात लावू नये’ हे कलम लेखी मागे घ्या. सद्भावनेने मदत करणाऱ्या कुणावरही कारवाई होणार नाही आणि कंपनी त्याच्या पाठीशी उभी राहील, असं वकिलांकडून तपासून घेऊन जाहीर करा.

२. रुग्णवाहिका कुणीही बोलवावी. ॲडमिनला नंतर कळवलं तरी चालेल. प्रत्येक फोनशेजारी पूर्ण पत्ता, इमारत, मजला आणि फाटक क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लावा. गाडी आली की एक माणूस फाटकावर, एक लिफ्टपाशी, हे प्रत्येक शिफ्टमध्ये ठरलेलं असावं. रुग्णवाहिकेची नोंद ती परत जाताना करा.

३. दोन्ही इमारती, भांडार आणि पॅकिंग इथे एईडी बसवा. यंत्र कुलपात ठेवू नका. बॅटरी आणि चिकटपट्ट्यांची मुदत दर महिन्याला कोण तपासणार, त्याचं नाव यंत्रावर लिहा.

४. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक शिफ्टमध्ये शिकलेली माणसं असावीत, कुणी रजेवर असलं तरी उरतील इतकी. पुतळ्यावर प्रत्यक्ष प्रशिक्षण, दर सहा महिन्यांनी थोडा वेळ उजळणी. त्यात सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि कंत्राटी माणसं आलीच पाहिजेत. रात्री तीच तर असतात.

५. पेट्या उघड्या ठेवा, आत काय आहे त्याची यादी झाकणावर लावा. मशिनपाशी रक्तस्राव थांबवण्याचं सामान वेगळं ठेवा. ग्लुकोज प्रत्येक पेटीत असू द्या.

६. आजारांची माहिती ऐच्छिक करा आणि ती फक्त कंपनीच्या डॉक्टरांकडे, गोपनीय राहू द्या. आधी भरून घेतलेले फॉर्म परत करा.

७. स्ट्रेचर आडवं जाईल असा रस्ता कुठून आहे ते एकदा प्रत्यक्ष नेऊन तपासा. मग वर्षातून दोनदा, न सांगता, सराव घ्या. घड्याळ लावून. किती मिनिटं लागली ते सूचनाफलकावर लावा, वाईट असली तरी.

८. त्या दुपारी तिथे असलेल्यांपैकी ज्यांना समुपदेशकाशी बोलायचं आहे त्यांची सोय करा. आमच्यातला एक मुलगा अजून त्या जिन्याने वर येत नाही.

या मागण्यांवर तीस दिवसांत लेखी उत्तर हवं आहे, मागणीनुसार, हो किंवा नाही आणि नाही तर का.

दरम्यान, मागच्या दोन रविवारी आम्ही अकरा जण स्वतःच्या खर्चाने प्रशिक्षण घेऊन आलो. मी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवला तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं, मग मोजायला लागले. आता मला तो आचक्याचा श्वास ओळखता येतो. तुम्ही एखादी खोली द्या, आम्ही जेवणाच्या सुट्टीत इतरांना दाखवू. त्याचे पैसे मागणार नाही.

परिपत्रक अजून लागू आहे, याची मला जाणीव आहे. तरीही उद्या आमच्या मजल्यावर कुणी कोसळलं तर मी हात लावणार आहे. हे मी आजच लेखी कळवते आहे.

आपली,
मागच्या इमारतीतली, दुसऱ्या मजल्यावरची एक कर्मचारी